गलबतावरचं गाऱ्हाणं

१

माझा मुलगा बाबली बोटीवर नोकरीला गेला त्या दिवशी मी गावदेवी सातेरी आईला एक शब्द दिला होता. जामसंड्याच्या थांब्यावरून एसटी सुटली, खिडकीतून हलणारा त्याचा हात वळणाआड गेला, आणि मी तिथेच उभ्या उभ्या मनात म्हटलं, आई, हा परत येऊन माझ्या शेजारी पाटावर जेवायला बसेपर्यंत मी जेवताना बोलणार नाही. पहिला घास तोंडात गेला की हात धुऊन उठेपर्यंत शब्द नाही. पाणी असो, फळ असो, नेम तोच. आणि घेतलेलं अर्धवट टाकून उठायचं नाही.

चातुर्मासात असं मौनभोजन पुष्कळ बायका करतात. चार महिने झाले की उद्यापन करून मोकळ्या होतात. माझ्या व्रताचा शेवट मात्र कंपनी बाबलीला कधी सोडते त्यावर होता. मांजर दुधात तोंड घाली तेव्हा मी नुसत्या टाळ्या वाजवी. आमचे हे इथल्याच हायस्कुलात कारकून. ते म्हणत, दिवसातला तेवढाच अर्धा तास घरात शांतता. थट्टेनंच म्हणत. आपल्या पानावरचा शेवटचा घास मात्र ते माझा होईपर्यंत ठेवत, मी एकटी मुकी बसू नये म्हणून.

दीड वर्षात हा नेम मी एकदाच मोडला. तो मोडून मी पोराला राखलं की घालवलं, ते मला अजून ठरवता येत नाही. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

२

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी. बाबलीचं शेवटचं पत्र नवरात्रात आलेलं. दिवाळी गेली, देवदिवाळी गेली, पोस्टमन महादू आमच्या बेड्यासमोरून, अंगणाच्या फाटकासमोरून, सायकल न थांबवता जायला लागला. आधी तो मान हलवून ‘नाय’ म्हणायचा, मग तेही बंद केलं.

माझे धाकटे दीर भाई मुंबईत गोदीत कामाला. त्यांची सासुरवाडी आरोंद्याला. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी सांगितलं, तिथे खाडीकाठी नवीन हॉटेल झालंय, अगदी गलबतासारखं बांधलेलं. मालक पूर्वी बोटीवर होता, सगळ्या कंपन्यांचे एजंट त्याच्या ओळखीचे. गेलो तर बाबलीच्या बोटीचा काही ठावठिकाणा लागेल. तिथे दारूही मिळते, हे त्यांनी बस सावंतवाडीच्या पुढे गेल्यावर सांगितलं.

पोराची बातमी मिळत असेल तर कुठल्या दारात उभं राहायचं नि कुठल्या नाही, हे बघायची माझी तयारी राहिली नव्हती.

३

बुधवारी दुपारी तीनला आम्ही तिघं तिथे पोचलो. बाहेरून खरंच गलबत. लाकडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाडीकडे केलेली, मध्ये डोलकाठी, तिला दोरखंड. आत शिरायला फळीवरून जायचं. वाढप्यांना पांढऱ्या खलाशी टोप्या. भिंतीत गोल खिडक्या, पण त्या खोट्या. पितळी कड्यात जाड निळी काच नि मागे भिंत. काचेत आपलंच तोंड दिसे, पाण्याखालून बघितल्यासारखं.

मालक नव्हता. पणजीला गेलाय, येईल, असं दारातल्या माणसानं सांगितलं. कधी येईल ते त्याला ठाऊक नव्हतं. मालकाच्या ओळखीच्या एजंटांबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला, बसून घ्या.

टेबल चौकोनी, खुर्च्या चार. मी काचेकडे तोंड करून बसले. माझ्या उजव्या हाताला हे, समोर भाई, डाव्या हाताची खुर्ची रिकामी. माझी पिशवी मी तिच्यावर ठेवली. वाढपी आला, साधारण पंचेचाळिशीचा, कोरड्या चेहऱ्याचा. त्यानं पिशवी उचलून माझ्या पायाशी ठेवली, खुर्चीपुढचा रुमाल सरळ केला आणि पाण्याचे चार ग्लास मांडले.

भाई म्हणाले, “आम्ही तीन आसव.”

“हो,” तो म्हणाला, आणि चौथा ग्लास उचलला नाही.

असेल बाबा त्यांची पद्धत, खुर्च्या तितके ग्लास. मोठ्या हॉटेलात आपण कधी जातो? मी मनाची समजूत घातली.

खायच्या-प्यायच्या वस्तूंची यादी शिडाच्या कापडावर लिहिलेली, गुंडाळी सोडून वाचायची. दारूच्या मिश्रणांना नावं होती उधाण, दीपस्तंभ, खारा वारा अशी. भाईंनी उधाण नि तळलेली सुरमई सांगितली. ह्यांनी सोडा घातलेलं कोकम. मी शहाळं. वाढप्यानं लिहून घेतलं, पण आमच्याकडे बघत नव्हता. आम्ही बोलत होतो आणि तो बघत होता रिकाम्या खुर्चीकडे. आमचं सांगून झालं, तरी पेन्सिल कागदावर टेकवून तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं मान हलवली, आणखी एक ओळ लिहिली आणि गेला.

“तिरळो आसात,” हे म्हणाले.

मलाही तेच वाटलं. निदान तेच वाटावं, असं वाटलं.

४

अर्धा तास गेला. काही आलं नाही. पलीकडच्या टेबलावर मागून आलेल्यांचे ग्लास भरून रिकामे झाले. भाईंनी दोनदा हाक मारली. टोप्या नुसत्या वळल्या आणि पुन्हा आपापल्या कामाला लागल्या.

“वयनी,” भाई म्हणाले, “ह्यां गलबत बुडात, पन आमची सुरमय काय येवची नाय.”

“तू बोट बघूक इलस की खावक?” ह्यांनी विचारलं.

“बोटी मी रोज बघतंय. खावक इलंय.”

मग माझं एकटीचं शहाळं आलं. मी ह्यांच्यासाठी थांबले होते, पण त्यांनी खूण केली, घे तू, ऊन लागलंय तुला. मी देवीचं नाव घेतलं आणि पहिला घोट घेतला. माझं तोंड बंद झालं.

आणि वाढपी दुसऱ्यांदा आला तो कासंडी घेऊन. रिकाम्या खुर्चीपुढे त्यानं ती दोन्ही हातांनी जपून ठेवली. आत उकड्या तांदळाची पेज होती, वाफाळती. शेजारी छोट्या ताटलीत गुळाचा खडा.

भाई हसले. दारूच्या हॉटेलात पेज? आम्ही नाही मागवली, असं त्यांनी सांगितलं.

“यांनी सांगितली,” वाढपी म्हणाला आणि खुर्चीकडे मान कलती केली. “लोणचं नको म्हणाले.”

मी शहाळं दोन्ही हातांनी धरून होते, ते सुटलं नाही एवढंच.

पेजेबरोबर लोणचं, भाजलेला सुका बांगडा, हे आमच्याकडे सगळेच खातात. गूळ कोण खातं? बाबली खायचा, आणि तोही फक्त ताप आला की. लहानपणी गोवर निघाला होता तेव्हा तोंड आलेलं, लोणचं झोंबायचं, म्हणून मी गुळाचा खडा दिला. तेव्हापासून तापात पेज म्हटली की गूळ. हे घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आमचे हे त्या वेळी शाळेत असायचे. संध्याकाळी येऊन पोराच्या कपाळाला हात लावायचे तेवढंच.

कोणी सांगितलं, हे मला विचारायचं होतं. कुठून ओळखता, कसा आहे तो, बरा आहे ना. पण नेम त्याच्यासाठीच होता. त्याच्या जिवासाठी धरलेला नेम त्याचंच नाव घेऊन मोडायचा कसा? मी ह्यांचा हात धरला, कासंडीकडे बोट दाखवलं. ह्यांनी वाढप्याला सांगितलं, मीठ आण म्हणते ती.

मीठ तेवढं लगेच आलं.

५

मी ठरवलं, शहाळं संपवायचं, हात धुवायचे आणि विचारायचं. दोन घोटांचं काम. मी पीत राहिले. शहाळ्यात असून असून पाणी किती असणार? मी पीत होते आणि आतून ते हलकं होत नव्हतं. घाईत असलं की असं होतं, मी स्वतःला सांगितलं. नळी नीट लागत नसेल. मोठं असेल.

पाणी आधी गोड होतं. नंतर नव्हतं.

समोरच्या निळ्या काचेत मी बघायचं टाळत होते. कारण असं काही नव्हतं. माणसानं जेवताना आरशात बघू नये, एवढंच. पण डोळे किती खाली ठेवणार? कासंडीकडे गेले. पेज होती तशीच होती. गुळाचा खडा मात्र एका बाजूनं ओला होऊन झिजला होता. वाफेनं होतं तसं.

भाई आता खरंच चिडले होते. तासाभरात एक शहाळं आणि नको ती पेज. ते उठायला लागले तेवढ्यात घंटा झाली. बोटीवरची असते तशी, पितळेची.

दारातला तो माणूस डोलकाठीशी येऊन उभा राहिला. अंगात आता कप्तानाचा कोट, हातात नारळ. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, खाडीला भरती लागली की, आज चारला, इथे गाऱ्हाणं घालतात, गिऱ्हाइकांना गंमत म्हणून. त्यानंतर सगळ्यांनी एकदम ग्लास उचलायचे. मुंबईच्या लोकांना फार आवडतं.

मला ते बरं वाटलं नाही. गाऱ्हाणं म्हणजे काय नाटकातलं भाषण? देवासमोर गावकार उभा राहतो, गावाच्या वतीनं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. ते म्हटलं की मागणं सगळ्यांचं होतं. आमच्याकडे पोर बोलायला शिकतं तेव्हापासून त्याला हे येतं. कुणी ‘रे म्हाराजा’ असा सूर ओढला की आमचं तोंड आपसूक उघडतं. काय मागितलं ते कानावर पडण्याआधी.

६

“बा देवा दर्या म्हाराजा,” त्यानं सुरुवात केली. आवाज चांगला होता, खरा गावकार असल्यासारखा. “आज ह्या गलबतार जी लेकरां जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळे. हे नि भाईसुद्धा. राग विसरून, हसत.

“तेंच्या खाल्ल्यापिल्ल्याचा गोड करून घी रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

मग तो आमच्या टेबलाकडे वळला. आवाज खाली आला. कुणी कुणाला समजावतं तसा.

“जो कोण वाट चुकलो, जेका घराकडची वाट गावणा नाय, तो हय येवन बसलो आसा. तर तेका हयच थारो दी रे म्हाराजा. तेका परत खंय धाडू नको रे म्हाराजा.”

तेव्हाच मी काचेत बघितलं.

काचेत टेबल दिसत होतं. मी, माझ्या बाजूला हे, भाईंची पाठ. आणि चौथ्या खुर्चीवर खाली घातलेली एक मान. केस वाढलेले, मानेला चिकटलेले. कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली. मला आठवतं, मला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की हात पुढे करून ती कॉलर सरळ करावी.

ह्यांचं तोंड उघडलं. भाईंचंही. मला दिसत होतं की ते होय म्हणणार, आणि त्यांना कळत नाही कशाला.

“नाय,” मी म्हणाले.

दीड वर्षात जेवताना उच्चारलेला पहिला शब्द. तो ह्यांच्या नि भाईंच्या ‘होय’च्या आधी पडला की नंतर, मला सांगता येत नाही. पण मोठ्यानं पडला. पलीकडची माणसं हसली. त्यांना वाटलं, खेळातलाच भाग.

काचेतली ती मान हलली. वर झाली, आणि माझ्या बाजूला वळायला लागली.

मी डोळे मिटले. आई असून मिटले.

अंधारात मला कप्तानाचा आवाज आला. गाऱ्हाण्याचा सूर नव्हता, साधं शुद्ध बोलणं. “मग साहेब, तुम्हाला उठावं लागेल.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी डोळे उघडले तेव्हा हे उभे होते, रागानं लाल झालेले. आम्हाला उठवणारे तुम्ही कोण, असं विचारत होते. कप्तान त्यांना म्हणाला, तुम्हाला नाही म्हटलं, तुम्ही बसा. पण कुणाला म्हटलं ते सांगितलं नाही. त्याच वेळी भाईंची सुरमई आली, थंडगार. भाईंनी ती तशीच टेबलावर सोडली, मी शहाळं.

आम्ही फळीवरून उतरताना मी मागे वळून पाहिलं. तो कोरड्या चेहऱ्याचा वाढपी चौथी खुर्ची पुसत होता. फडकं त्यानं बादलीत पिळलं. पुन्हा पुसलं, पुन्हा पिळलं. भाई म्हणाले, अशी साफसफाई आधी केली असती तर. मी त्या पिळलेल्या पाण्याचा आवाज ऐकत होते. तो बराच वेळ थांबला नाही.

७

घरी आल्यावर मी तीन दिवस निर्जळी उपास केला, देवीपुढे नाक घासलं आणि नेम पुन्हा धरला. ह्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, काच निळी, तुझ्या पोटात अन्न नाही, डोक्यात पोर. आणि पेजेचं काय, विचारलं तर म्हणाले, कुणा दुसऱ्या टेबलाची असेल.

असेल. मी ते धरून बसायचा प्रयत्न करते. पण रात्रंदिवस एकच गोष्ट मनात फिरते. ते मागणं वाईट होतं का? वाट चुकलेल्याला थारा दे, एवढंच तर मागितलं. बाबली जिवंत असेल, तापानं फणफणून कुठे त्याचं मन भरकटत आलं असेल, तर त्याला तिथे ठेवू नका म्हणणं बरोबर होतं. तो माघारी आपल्या देहात गेला असेल. पण तसं नसेल तर? बिचारा कुठून कुठून येऊन आईच्या शेजारी बसला, दोन घास मागितले, आणि त्याच्या आईनंच सगळ्यांदेखत नाय म्हटलं.

बाराव्या दिवशी महादूची सायकल थांबली. बाबलीचं पत्र. अक्षर त्याचंच. वर तारीख नाही, नुसतं ‘शनिवार’. शिक्का ओला होऊन पसरलेला. लिहिलं होतं, चार दिवस ताप आहे, बोटीवरचं अन्न जात नाही, काळजी करू नये. ह्यांनी बोटांवर मोजून सांगितलं की तो शनिवार त्या बुधवारनंतरचाच. मी मोजलं तेव्हा तो आधीचाही निघत होता. मी पुन्हा मोजलं नाही.

परवा भाईंची मुंबईहून तार आली. बोट गुरुवारी गोदीला लागते आहे. तारेत बोटीचं नाव होतं, बाबलीचं नव्हतं. तारेत शब्द मोजून घालतात, सगळं कसं येणार, हे ह्यांचं म्हणणं मला पटलं. भाई गोदीत जाऊन त्याला उतरवून घेतील आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं घेऊन येतील. मी उकडे तांदूळ निवडून ठेवलेत. माजघरातला पाट धुऊन वाळवलाय. माझी सातेरी माझ्या एका शब्दासाठी माझं लेकरू घेणार नाही, एवढा माझा भरवसा आहे.

फक्त तो आल्यावर माझ्याकडे बघेल, तेव्हा मी डोळे उघडे ठेवीन, हे मी स्वतःशी घोकते आहे. आणि जर त्यानं विचारलं, “आये, तू नाय कित्याक म्हटलंस?”, तर काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.

शुक्रवारी चारला देवळात त्याच्या नावाचं गाऱ्हाणं आहे. गावातल्या बायांनो, हे वाचाल त्या सगळ्या या. तुमच्यातल्या कितीजणींचे घरधनी, पोरं बोटीवर आहेत, ते मला ठाऊक आहे. गावकार मागणं मागेल. ‘रे म्हाराजा’ असं कानावर आलं म्हणून लगेच तोंड उघडू नका. मी प्रत्येक शब्द शेवटपर्यंत ऐकणार आहे, त्यात कुणाला ठेवायला सांगतात नि कुणाला धाडायला, ते समजून घेणार आहे, आणि मगच होय किंवा नाय म्हणणार आहे. तुम्हीही तसंच करा. त्या दिवशी मी एकटी होते, आणि माझ्याच घरातले होय म्हणणारे दोघं होते.